चिठ्ठीवर मॅलॅकाइट, काउंटरवर कलकलाट: क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट ओळखायचा कसा?

खडकवासी

मंडळी, दगड जमवणाऱ्यांचे धागे इथे अधूनमधून निघतात, पण ते बहुतेक आपल्या दख्खनच्या झिओलाइटांचे. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट वगैरे. (अपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे हे ठाऊक आहे, दगड मारू नका.) आजचा नमुना बराच लांबचा आहे.

मी सॅक्सनीत फ्रायबर्गला असतो. खाणकामाची अकादमी इथे १७६५ सालापासून आहे. त्यामुळे गावात जुने संग्राहक पुष्कळ, आणि माणूस गेला की त्याची कपाटं खोक्यांमधून बाजारात येतात. असंच एक खोकं स्वस्तात मिळालं. त्यात अंड्याएवढा एक नमुना होता: करड्या-पिवळट, भुसभुशीत खडकाच्या पोकळीत गवती हिरव्या सुयांचे झुबके. सुया केसाइतक्या बारीक, एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या. जुन्या शाईतली चिठ्ठी: 'मॅलॅकाइट, कोल्वेझी'.

चिठ्ठीत खटकण्यासारखं काही नव्हतं. कोल्वेझी हे काँगोच्या कटांगा भागातल्या तांबेपट्ट्यातलं गाव, तिथून मॅलॅकाइट (तांब्याचं हिरवं कार्बोनेट) ढिगाने येतो आणि तो सुयांच्या रूपातही येतो. पण कटांगाचं काहीही हाती आलं की आधी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर लावायचा ही इथल्या जुन्या मंडळींची शिकवण. लावला, आणि यंत्राने घर डोक्यावर घेतलं.

माझा संशय क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटवर आहे. एवढं नाव दर वेळी टंकायचं त्राण नाही, तेव्हा पुढे नुसतं 'क्युस्क्लो'. हे तांबं आणि युरेनियमचं सजल, म्हणजे घडणीतच पाणी धरून असलेलं, सिलिकेट. कटांगातल्याच कालोंग्वेच्या नमुन्यांवरून खनिजशास्त्रज्ञ व्हास यांनी १९३३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याआधी १९२४ मध्ये शूप यांनी शिंकोलोब्वेच्या खाणीतल्या एका पिवळ्या खनिजाला मेरी क्युरींच्या माहेरच्या आडनावावरून स्क्लोडोव्स्काइट म्हटलं होतं. त्यातल्या मॅग्नेशियमच्या जागी तांबं, म्हणून याला क्युप्रो. नातं नावापुरतं जवळचं. स्फटिकांची ठेवण बघाल तर स्क्लोडोव्स्काइट एकनताक्ष (एक अक्ष कललेला) आहे आणि क्युस्क्लो त्रिनताक्ष (तिन्ही कललेले).

विश्वकोशी थाटात सांगायचं तर: स्फटिक सूच्याकार, बहुधा अरीय झुबक्यांत किंवा पुटांच्या रूपात. रंग गवती हिरवा ते गडद हिरवा, कधी पिवळसर झाक. कस (घासल्यावर पडणाऱ्या भुकटीचा रंग) फिकट हिरवा. चमक काचेसारखी, झुबक्यांची रेशमी. कठिणता ४. विशिष्ट गुरुत्व ३.८५ च्या आसपास. वजनाने निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे ५३ टक्के, युरेनियम. तांबं जेमतेम ७ टक्के, पण रंगाचा सगळा मान तेच खातं.

चांगले स्फटिक कोल्वेझीजवळच्या मुसोनोई खाणीतले. चेक प्रजासत्ताकात याखिमोव्हलाही मिळतो, पण तिथले स्फटिक लहान.

आता मला सुया न मोडता खात्री करायची आहे. कठिणता तपासायला सुई ओरखडणं, कस घ्यायला ती घासणं हे अशा खनिजाच्या बाबतीत नको. धूळच नको. जाणकारांनी बोलावं.

मोरचूद

वाचनखूण साठवली! आयडीला जागून पहिला प्रतिसाद देतोय. अतिनील टॉर्च मारली का? युरेनियमवाले दगड अंधारात पोपटी चमकतात असं व्हिडिओंत दाखवतात. चमकला तर युरेनियम, नाही तर नाही. प्रश्न संपला.

खडकवासी

मारली. लांब लहरींचीही आणि आखूड लहरींचीही. सुया ढिम्म. कडेला पांढरं काहीतरी किंचित चमकलं, पण ते बहुतेक कॅल्साइट.

न्यूट्रॉनकाका

मोरचूदराव, तुमच्या टोपणनावातच उत्तर आहे. तांबं!

युरेनियमची जी खनिजं चमकतात त्यांत युरेनिल नावाचा गट असतो: मधे युरेनियमचा अणू, दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, तिन्ही सरळ रेषेत. अतिनील प्रकाशाने तो उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा हिरव्या-पिवळ्या प्रकाशात परत देतो. पण शेजारी तांब्याचा द्विसंयुजी आयन बसला असेल तर ऊर्जा प्रकाश होण्याआधीच तो ती पळवतो आणि तिची उष्णता होऊन जाते. म्हणून कॅल्शियमवाला ऑट्युनाइट अंधारात डोळे दिपवतो आणि त्याच घराण्यातला तांबेवाला टॉर्बर्नाइट काळाठिक्कर राहतो. क्युस्क्लोचंही तेच.

उलट बाजूही बघा. हायलाइट नावाचा काचेसारखा ओपल असतो. त्यात युरेनियम अगदी लेशमात्र, तरी तो टॉर्चखाली पोपटी पेटतो. निम्मं वजन युरेनियम असलेला दगड अंधारात गप्प आणि लेशमात्र असलेला झगमगाट करतो, तेव्हा टॉर्चवर विसंबून युरेनियम आहे-नाही ठरवणं म्हणजे आवाजावरून माणसाचं वजन सांगणं. शिवाय विलेमाइटसारखी कितीतरी खनिजं युरेनियमशिवाय हिरवी चमकतात.

काउंटरचं. खडकवासी, कोणता आहे? स्वस्त यंत्रांत धातूची किंवा काचेची नळी असते, तिला बीटा आणि गॅमा कळतात, अल्फा नळीच्या भिंतीतच अडतात. अभ्रकाची पातळ खिडकी असलेली चपटी नळी असेल तर अल्फाही मोजले जातात. तशी असेल तर मधे साधा कागद धरा. आकडा धाडकन उतरला तर तेवढे अल्फा. मग ॲल्युमिनियमचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा धरा, बीटा बरेच अडतील. उरतील ते मुख्यतः गॅमा.

एवढं करूनही 'किरणोत्सारी आहे' यापलीकडे काउंटर काही सांगणार नाही. खनिजाचं नाव त्याला ठाऊक नसतं. आणि पडद्यावर मायक्रोसीव्हर्ट दाखवतो तो आकडा अशा नमुन्याला अगदी चिकटवून घेतलेला असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. नळीचं अंशांकन बहुतेक सीझियमच्या गॅमा किरणांवर केलेलं असतं, इथे ती बीटा मोजत बसली आहे.

शिलाजीत

काकांचं सगळं पटलं. काउंटरने एक काम मात्र चोख केलं आहे: सुया खरंच किरणोत्सारी असतील तर मॅलॅकाइट बाद. पण यंत्र सुयांमुळे वाजतंय की खालच्या खडकामुळे? कटांगात मॅलॅकाइटच्या सुया युरेनियमच्या खनिजांवर बसलेल्या असू शकतात. शिशाच्या किंवा जाड पितळेच्या पत्र्याला बारीक भोक पाडा, ते झुबक्यावर धरून मोजा, मग रिकाम्या खडकावर धरून मोजा. फरक दिसला पाहिजे.

खडकवासी

@काका, चपटीच आहे. कागदाने आकडा निम्म्याच्या खाली आला.
@शिलाजीत, भोकाची युक्ती झकास. झुबक्यावर भरपूर, शेजारच्या करड्या भागावर किरकोळ. एका कोपऱ्यात काळपट हिरवे ठोकळेवजा कण आहेत, तिथे सगळ्यात जास्त.

अबोली

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न: हे घरात ठेवायचं? लहान मुलं असतील तर?

न्यूट्रॉनकाका

अबोलीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, खरं तर तो पहिला यायला हवा होता.

अंड्याएवढ्या नमुन्यापासून हात-दोन हात दूर गेलात की बाहेरून येणारा किरणोत्सार फार उरत नाही. भीती वेगळ्या दोन गोष्टींची. एक धूळ. अशा सुया ठिसूळ असतात, तुटून बोटांना लागतात, बोटं तोंडात जातात. अल्फा कण कातडीबाहेर निरुपद्रवी असले तरी फुप्फुसात किंवा पोटात गेले की तेच सगळ्यात वाईट. शिवाय युरेनियम रासायनिकदृष्ट्याही विषारी आहे आणि त्याचा मार मूत्रपिंडावर. दुसरं रेडॉन. युरेनियमच्या साखळीत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे खडकातून निसटून खोलीत यायला भरपूर वेळ.

तेव्हा झाकणाच्या डबीत, वर ठळक खूण, कुलपाच्या कपाटात, झोपायच्या खोलीत नाही, आणि ती खोली रोज उघडी-वारी हवी. बंद कपाट उघडल्यावर लगेच त्यात डोकं घालू नये. हाताळताना हातमोजे, नंतर साबणाने हात. ब्रश, फुंकर, पाण्याचा फवारा यांपैकी काही नको. आणि लहान मुलं असलेल्या घरात हे नसावंच, असं माझं म्हणणं. छंदाला दुसरी हजार खनिजं आहेत.

झणझणीत_मिसळ

काका म्हणतात ते ऐका. शिवाय काँगोतल्या खाणींत पोरंबाळं राबतात आणि आपण त्यांच्या दगडांना रेशमी चमक म्हणतो. असले छंद लखलाभ.

खडकवासी

मिसळभाऊ, तिथल्या खणणाऱ्यांचे हाल मलाही मान्य आहेत. आज तिथून नव्याने निघालेला युरेनियमचा नमुना मी घेणार नाही. हा तुकडा चिठ्ठीच्या कागदावरून पाहता कित्येक दशकं कपाटात होता. मी घेतला नसता तर खोकं कचऱ्यात गेलं असतं, आणि मॅलॅकाइट समजून कुणी दागिन्यासाठी घासला असता तर ते जास्त वाईट.

शिलाजीत

चला, ओळखीकडे वळू. आमच्या धंद्यात दगडाचं नाव विचारण्याआधी तो कुठल्या पाण्यातून आला ते विचारतात.

मुळात युरेनियम खोलवर युरेनिनाइटच्या, म्हणजे काळ्या जड पिचब्लेंडच्या रूपात असतं. तिथे ते चतुःसंयुजी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. धातुक जमिनीजवळ आलं, हवा आणि पावसाचं पाणी लागलं की ते षट्संयुजी होतं, युरेनिल बनतं आणि कार्बोनेटयुक्त पाण्यात सहज वाहू लागतं. पुढे त्याला वाटेत कोण भेटतं यावर खनिज ठरतं. फॉस्फेट भेटलं आणि तांबं असलं तर टॉर्बर्नाइट. आर्सेनेट भेटलं तर झॉयनेराइट. सल्फेट असेल तर योहानाइट. सिलिका भेटली तर युरेनोफेनचं कुटुंब: कॅल्शियमबरोबर युरेनोफेन, शिशाबरोबर कॅसोलाइट, मॅग्नेशियमबरोबर स्क्लोडोव्स्काइट, तांब्याबरोबर तुमचा क्युस्क्लो. या कुटुंबात युरेनियम आणि सिलिकॉन एकास एक. दोघांच्या मिळून पातळ चादरी बनतात, आणि चादरींच्या मधे तो दुसरा धातू आणि पाणी.

अवांतर: वापरलेलं अणुइंधन जमिनीत पुरलं आणि त्याला ओलावा व हवा लागली तर त्यातूनही युरेनोफेनसारखी खनिजं तयार होतील असा अभ्यासकांचा अंदाज. म्हणून मेक्सिकोतल्या पेन्या ब्लांकाच्या युरेनियम साठ्यावर इतकं संशोधन झालं. निसर्गाने तिथे तो प्रयोग आधीच करून ठेवला आहे.

आता हिरव्यांची चाळणी. टॉर्बर्नाइट, मेटाटॉर्बर्नाइट, झॉयनेराइट हे चौकोनी पातळ पत्र्यांसारखे, अभ्रकासारखं पाटन (म्हणजे पापुद्रे सुटणं), कठिणता दोन-अडीच. म्हणून यांना युरेनियमचे अभ्रक म्हणतात. तुमच्याकडे सुया आहेत, म्हणून हे तिघे बाद. योहानाइट पाण्याला भितो, आणि कोल्वेझीपेक्षा याखिमोव्हच्या जुन्या बोगद्यांच्या भिंतींवर जास्त शोभतो. जुन्या पुस्तकांत त्याची चव कडवट लिहिली आहे. कुणीतरी चाखून पाहिली म्हणायची!

मुसोनोईचा म्हणून एक खास उमेदवार आहे: डेमेस्मेकेराइट. शिसं, तांबं, युरेनियम आणि सेलेनियम. याच खाणीतून तो पहिल्यांदा माहीत झाला. गिलेमिनाइट, मार्थोझाइट, डेरिक्साइट ही सेलेनियमवाली भावंडंही इथलीच. डेमेस्मेकेराइट लांबट असतो, पण रंग बाटलीच्या काचेसारखा, जुना झाला की तपकिरीकडे झुकणारा. गवती हिरवा नाही, आणि केसासारखाही नाही.

तुमच्या कोपऱ्यातले ते काळपट हिरवे कण मला जास्त आवडले. तो व्हान्डेनब्रान्डाइट असेल तर सोन्याहून पिवळं. तांबं आणि युरेनियमचं हायड्रॉक्साइड, सिलिका नाहीच. तोही कालोंग्वेचा, आणि क्युस्क्लोच्या मांडीला मांडी लावून बसलेला सापडतो. संगतीवरून पारख करायची ती अशी.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर एक तुटलेली सुई पुरे. डबीत आपोआप पडलेली असेलच, मुद्दाम तोडू नका. ती ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात ठेवून ध्रुवित प्रकाशात बघायची. मॅलॅकाइटचे अपवर्तनांक १.६५५ पासून थेट १.९०९ पर्यंत, म्हणजे द्विअपवर्तन (सगळ्यात लहान आणि मोठ्या अंकातला फरक) प्रचंड. क्युस्क्लोचे सगळे १.६५ ते १.६७ च्या आत. दोघांमधला फरक नवशिक्यालाही पहिल्या नजरेत कळेल. आम्लाचा थेंब टाकून मॅलॅकाइट फसफसवायची शाळेतली रीत इथे नको, ती सुई कायमची गेली आणि थेंबात युरेनियम उतरलं.

फुरसुंगीकर

आमच्याकडे क्रशरच्या खाणीतून मिळालेला हिरवा स्फटिक आहे, पुणे परिसरातलाच. त्यात युरेनियम असू शकेल का? आता घाबरायला झालंय.

शिलाजीत

निवांत राहा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम अगदी क्षुल्लक असतं, लाखात एक भागाच्याही खाली, आणि त्याचा साठा व्हावा अशी परिस्थिती त्या पोकळ्यांत नसते. पाषाण बाजूचा हिरवा अपोफिलाइट प्रसिद्ध आहे, त्याचा रंग व्हॅनेडियममुळे. वाघोलीच्या कॅव्हन्साइटच्या निळ्या रंगामागेही व्हॅनेडियमच. तुमचा तुकडा टोकाकडे निमुळता, चौकोनी बुडाचा आणि एका दिशेने मोत्यासारखा चमकणारा असेल तर बिनधास्त काचेच्या कपाटात मांडा.

भारतात तांबं आणि युरेनियम शेजारी शेजारी बघायचं तर झारखंडातला सिंहभूमचा पट्टा. जादुगुडाचा साठा १९५१ मध्ये सापडला, खाण १९६७ पासून. मोसाबनी, सुरदा, राखा या तांब्याच्या खाणींच्या उरलेल्या गाळातूनही युरेनियम काढलं जात होतं.

इतिहासवेडा

कटांगा म्हटलं की मला राहवत नाही. शिंकोलोब्वेचा शोध १९१५ चा. बेल्जियन कंपनी युनिअन मिनिएरला तिथे युरेनियम नको होतं, हवं होतं रेडियम. धातुक बेल्जियमला ओलेनला जायचं आणि १९२२ पासून तिथे रेडियम काढलं जायचं, युरेनियम बापुडं उरलेल्या मालात पडून. बाजार बसला तशी १९३७ मध्ये खाण बंद झाली आणि पाण्याने भरली.

पुढे कंपनीचे संचालक एडगर सेंगिए यांनी १९४० मध्ये बाराशे टनांवर धातुक गाजावाजा न करता न्यूयॉर्कला पाठवलं आणि स्टेटन आयलंडवरच्या गोदामात ठेवलं. १९४२ मध्ये अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाचा अधिकारी चौकशीला आला तेव्हा माल समुद्र ओलांडून येऊन पडलेला होता. त्या धातुकात ६५ टक्क्यांपर्यंत युरेनियम ऑक्साइड होतं. इतर देशांत टक्का-अर्धा टक्का मिळाला तरी खाण चालवतात! काँगोच्या स्वातंत्र्याच्या तोंडावर १९६० मध्ये खाणीची तोंडं बुजवली, तरी लोक कोबाल्टसाठी तिथे खणतच राहिले. २००४ मध्ये कोसळून माणसं गेली. मिसळभाऊंचा राग अगदीच अनाठायी नाही.

न्यूट्रॉनकाका

इतिहासात माझीही एक भर. १८९८ मध्ये मेरी क्युरी एकामागून एक खनिजं विद्युतमापकावर मोजत होत्या. पिचब्लेंड आणि चाल्कोलाइट या दोघांनी घोळ घातला. चाल्कोलाइट म्हणजेच आजचा टॉर्बर्नाइट, खडकवासींच्या अकादमीतल्या व्हेर्नर यांनी १७९३ मध्ये नाव दिलेला. त्याच्यात आहे तेवढ्या युरेनियमच्या मानाने त्याची क्रिया फारच जास्त, शुद्ध युरेनियम धातूच्याही दुपटीहून अधिक. मग बाईंनी शुद्ध रसायनांपासून प्रयोगशाळेत चाल्कोलाइट बनवला. तीच घडण, तेच तांबं, तेच युरेनियम. त्याची क्रिया हिशेबाप्रमाणे, बेताची. म्हणजे नैसर्गिक खनिजात युरेनियमशिवाय आणखी कुणीतरी दडलेलं आहे. पोलोनियम आणि रेडियमपर्यंतची वाट इथून सुरू झाली.

यातलं इथे उपयोगी काय? नमुन्याचा आकडा त्याच्या वयावरही अवलंबून असतो. शुद्ध क्युस्क्लोच्या एका ग्रॅममध्ये युरेनियम-२३८ ची सेकंदाला सुमारे ६,५०० विघटनं होतात. पण पाण्यातून ताजं जमलेलं युरेनियम आपली लेकरं, म्हणजे विघटनातून पुढे बनणारी मूलद्रव्यं, बरोबर आणतंच असं नाही. थोरियम-२३४ आणि त्याचं बीटा फेकणारं अपत्य काही महिन्यांत भरून येतं. पुढे मात्र थोरियम-२३० बसलं आहे, अर्धायुष्य ७५ हजार वर्षं. ते साठेपर्यंत रेडियम आणि त्यामागचे जोरदार गॅमा पूर्ण भरत नाहीत. म्हणून भूवैज्ञानिक हिशेबाने तरुण असलेलं दुय्यम खनिज गॅमा यंत्रावर त्याच्या टक्केवारीपेक्षा गरीब दिसू शकतं. दोन नमुन्यांचे आकडे शेजारी ठेवून 'हा जास्त वाजतो म्हणून यात युरेनियम जास्त' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जाडी, अंतर, खिडकी हे सगळं निराळंच.

खडकवासी

धागा वर काढतोय, कारण निकाल आला.

ओळखीच्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीने रामन वर्णपटमापकाखाली नमुना धरला. हात लावावा लागत नाही, सुई मोडत नाही. लेसरची शक्ती मात्र अगदी कमी ठेवली. अशा सजल खनिजांवर जोर लावला तर ठिपक्याखालचं पाणी उडतं आणि वर्णपट भलत्याच कुणाचा येतो. युरेनिलची ठसठशीत शिखा ८०० सेंमी⁻¹ च्या अलीकडे, सिलिकेटच्या शिखा जागेवर. कार्बोनेट नाही, म्हणजे मॅलॅकाइटला निरोप. फॉस्फेटही नाही.

डबीच्या तळाशी पडलेल्या दोन-चार तुटक्या सुयांवर क्ष-किरण विवर्तन झालं. सगळ्यात ठळक रेषा आठ अँगस्ट्रॉमच्या किंचित वर, बाकीच्या रेषाही क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटच्या नोंदीशी जुळल्या. कोपऱ्यातले काळपट कण शिलाजीत म्हणाले तसे व्हान्डेनब्रान्डाइट निघाले. चहा लागू!

खाणीचं नाव मात्र लिहिणार नाही. या जोडीवरून मुसोनोई लिहायचा मोह होतो, किंमतही वाढते, पण चिठ्ठी नुसती कोल्वेझी म्हणते. जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्यामागे नवी लावली आहे.

मोरचूद

अभिनंदन! सुट्टीत पुण्याला येताना घेऊन या, कट्टा करू.

न्यूट्रॉनकाका

मुळीच नको. भारतात युरेनियमची खनिजं अणुऊर्जेच्या कायद्यांखाली येतात. परवानगीशिवाय आणणं, बाळगणं, विकणं हा छंदाचा विषय राहत नाही. विमानात किरणोत्सारी माल प्रवाशाच्या बॅगेतून नेणं हा तर आणखी वेगळा गुन्हा. विमानतळावर यंत्रं असतात आणि ती यूव्ही टॉर्च नसतात. कट्ट्याला फोटो आणा.

शिलाजीत

आणि ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातला असा दगड निघेल त्यांनी तो फोडू नये, नदीत टाकू नये, भंगारवाल्याला देऊ नये. डबीत ठेवून अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवावं.

रानजाई

नवीन आयडी आहे, सांभाळून घ्या. मी स्टुटगार्टला असते. ब्लॅक फॉरेस्टच्या एका जुन्या खाणीजवळच्या संग्रहालयात हा फोटो काढला, पाटीवर नुसतं 'युरेनियम खनिज' होतं. हिरवंगार आहे, टॉर्चखाली चमकत नाही असं तिथल्या आजोबांनी सांगितलं. हाही क्युस्क्लो का?

शिलाजीत

स्वागत! फोटो स्पष्ट आहे म्हणून सांगता येतं: चौकोनी पत्रे एकावर एक रचलेले आहेत, कडा सरळ आहेत, सुई एकही नाही. क्युस्क्लो नक्कीच नाही. हा युरेनियमच्या अभ्रकांपैकी, आणि हिरवा असून चमकत नाही म्हणजे तांबेवाला. पत्रे अपारदर्शक झालेत आणि त्यांना भेगा पडल्यात. टॉर्बर्नाइट साध्या खोलीच्या हवेतही पाणी गमावून मेटाटॉर्बर्नाइट होतो, त्यामुळे कपाटांतले बहुतेक नमुने 'मेटा'च असतात.

पण टॉर्बर्नाइट की झॉयनेराइट हे फोटोवरून नाही सांगता येणार. एकात फॉस्फरस, दुसऱ्यात आर्सेनिक, रंग-आकार डिट्टो तोच. झॉयनेराइट हे नाव फ्रायबर्गच्याच वाइसबाख यांनी १८७२ मध्ये अकादमीच्या संचालकांवरून दिलं, तेव्हा खडकवासींना विचारा, त्यांच्या गावचा मामला आहे. आजोबांकडे विश्लेषण असेल तर त्यात आर्सेनिकचा आकडा आहे का तेवढं बघून या.